गाताना मान का आखडते? एका ताईंच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे. ग्वाल्हेरला लश्करमध्ये राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एक शिक्षिका लिहितायत. लग्नाआधी गाणं शिकत होत्या, मग वीस वर्षं बंद होतं, आता दीड वर्षापासून परत एका गुरुजींकडे जायला लागल्यात. पहाटे पाचला उठून, घर झोपलेलं असताना, हळू आवाजात तासभर रियाज करतात, मग डबे, मग स्कूटीवरून थाटीपूरला शाळा, संध्याकाळी डाव्या खांद्यावर मुलांच्या कॉप्यांची, म्हणजे वह्यांची, पिशवी घेऊन घरी. सात-आठ महिन्यांपासून मान आणि डावा खांदा आखडतो आणि वरच्या सुरांना गेलं की गळा कोणी दाबल्यासारखा वाटतो. एक्सरे काढला, त्यात "मानेचं वळण सरळ झालंय" एवढंच आलं, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा. व्यायाम आठ दिवस झाले आणि सुटले. ऑनलाइन पाठीचा बेल्ट मागवला, तो घातला की श्वास पुरत नाही. गुरुजी म्हणतात ताठ बस, सासूबाई म्हणतात पोक काढून चालतेस, मिस्टर म्हणतात झेपत नसेल तर सोडून दे. पुढच्या काही महिन्यांत गाण्याची परीक्षा आहे. त्या विचारतायत, "माझ्यात जिद्दच कमी आहे का? की आता या वयात शरीर ऐकत नाही हे मान्य करून गाणं थांबवू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर माझ्या लक्षात राहिला तो एक शब्द, "ताठ". गुरुजी ताठ बस म्हणतात, तुम्ही ताठ बसायचा प्रयत्न करता, दहा मिनिटांत ताठपणा जातो, मग परत ताठ बसता आणि शेवटी विचारता की माझ्यात जिद्द कमी आहे का. मला तर उलट वाटतंय. वीस वर्षांनी पहाटे पाचला उठून, तेही ग्वाल्हेरच्या थंडीत, तानपुरा लावणाऱ्या बाईत जिद्द कमी आहे हे मी मानायलाच तयार नाही. झालंच तर ती जिद्द थोडी चुकीच्या जागी, म्हणजे मानेत आणि खांद्यात, जाऊन बसलीये.

पण आधी एक गोष्ट उरकून घेऊ. मी डॉक्टर नाही. हातात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, हातातली ताकद कमी वाटत असेल, वस्तू सुटत असतील, चालताना तोल जात असेल, ताप किंवा विनाकारण वजन कमी होणं सोबत असेल, दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि परत डॉक्टरांकडे जा. आणि आवाज तीन-चार आठवडे सलग बसलेला राहिला तर कान-नाक-घसावाल्यांना एकदा गळा दाखवा, गाणाऱ्या माणसाने यात हयगय करू नये. तुमच्या पत्रात यातलं काही नाही म्हणून मी पुढचं लिहितेय.

आता तो ताठ शब्द. आपल्या भाषेत ताठ मान म्हणजे स्वाभिमान, मान खाली घालणं म्हणजे लाज, कणा नसलेला माणूस म्हणजे भित्रा. लहानपणापासून हे कानावर पडतं त्यामुळे पोक काढून बसणं हा आपल्याला शरीराचा नाही तर स्वभावाचा दोष वाटायला लागतो, आळशीपणा, ढिलेपणा. पण ताठचाच सख्खा भाऊ आहे ताठर, आणि ताठर माणूस कोणालाच आवडत नाही, बरोबर ना? पाठीचा कणा मुळात सरळ काठीसारखा नसतोच. मानेत सात मणके आहेत, त्यांची पुढच्या बाजूला हलकी कमान असते, छातीच्या भागात मागे, कमरेत परत पुढे. या कमानींमुळेच तो स्प्रिंगसारखा काम करतो. तुमच्या एक्सरेत जे लिहिलंय त्याचा अर्थ ही मानेची कमान थोडी कमी दिसली, एवढाच. मान न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्सरेतही हे दिसतं, एक्सरे काढताना मान कशी धरली त्यानेही फरक पडतो, म्हणून त्याला आजार समजून घाबरू नका. पण एक बघा, रिपोर्ट म्हणतोय मान जास्त सरळ आहे आणि घरातले सगळे म्हणतायत अजून सरळ कर! तुम्ही गोंधळलात यात तुमची चूक काय आहे?

आणि एक्सरेत काही नाही याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा होत नाही. एक्सरेत हाडं दिसतात, दिवसभर धरून ठेवलेला खांदा दिसत नाही.

तुम्हाला एका माणसाची हकिगत सांगते, तुमच्या खूप जवळची आहे. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर, १८६९ साली टास्मानियात जन्मला, स्टेजवर शेक्सपिअरची भाषणं म्हणायचा. म्हणता म्हणता आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी आराम सांगितला, आरामाने बरं वाटायचं, स्टेजवर गेलं की परत तेच. तेव्हा त्याने विचार केला की गळ्यात आजार नाही, म्हणजे बोलताना मीच काहीतरी करतोय ज्याने हे होतंय. तो आरशासमोर उभा राहून म्हणायला लागला आणि महिनोन्‌महिने स्वतःला बघत राहिला. त्याला दिसलं की तोंड उघडायच्या वेळी तो डोकं मागे आणि खाली खेचतो, कंठ दाबतो आणि आवाज करत हवा आत ओढतो. पुढे तर असं लक्षात आलं की नुसता म्हणायचा विचार आला तरी मान आवळायला सुरुवात होते. मग त्याने डोकं पुढे ठेवायचं ठरवलं, त्याला वाटलं की ठेवलंय, आणि आरशात बघतो तर आधीपेक्षाही जास्त मागे! म्हणजे आपल्याला आतून जे सरळ वाटतं ते सरळ असेलच असं नाही, वर्षानुवर्षांच्या सवयीने ती आतली मोजपट्टीच वाकडी होते. विश्वास नसेल तर आत्ता उभ्या राहा, डोळे मिटा, दोन्ही पावलं अगदी समांतर ठेवा आणि मग खाली बघा, बहुतेकांचं एखादं पाऊल तरी बाहेर गेलेलं असतं.

हा माणूस १९०४ मध्ये लंडनला गेला आणि आयुष्यभर हेच शिकवत राहिला, यालाच अलेक्झांडर पद्धत म्हणतात. १९७३ साली निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं तेव्हा त्याने आपल्या भाषणाचा बराच भाग या पद्धतीवर खर्च केला होता. आजही नाटकाच्या आणि संगीताच्या मोठ्या परदेशी शाळांमध्ये ती शिकवली जाते. पण मला यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? त्याने "काय नवीन करू" असं विचारलं नाही, "मी असं काय करतोय जे थांबवता येईल" असं विचारलं. तुम्ही आत्तापर्यंत बेल्ट, व्यायाम, ताठ बसणं असं सगळं वाढवतच आलायत. कमी काय करायचं हे कोणी विचारलंच नाही.

मग तुमच्या पत्रात ते कमी करायचं काय आहे ते शोधताना मी एका ओळीवर थांबले, "घर झोपलेलं असतं म्हणून हळू आवाजात". ताई, तुम्ही ग्वाल्हेरची गायकी शिकताय, जी ओळखलीच जाते खुल्या आवाजासाठी, मोकळ्या 'आ'-कारासाठी. आणि ती तुम्ही रोज एक तास कोणी उठू नये अशा बेताने गाताय. आवाज दाबायला शरीराकडे काय साधन आहे? जबडा, जिभेचं मूळ, मान, खांदे. मध्य सप्तकात, म्हणजे मधल्या सुरांत, ते खपून जातं, वर तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, गेलं की आवाजाला जागा हवी असते आणि तुम्ही त्याला दरवाजा अर्धा लावून ठेवलेला असतो. म्हणजे रोज एक तास तुम्ही रियाज करताय गाण्याचा आणि त्याच्यासोबत गळा आवळण्याचाही, आणि रियाजाने जसं गाणं पक्कं होतं तसं तेही पक्कं होतं. मला दुरून पत्रावरून एवढंच दिसतंय, चुकत असेन तर कळवा, पण मी तुमच्या जागी असते तर पहिला बदल इथे केला असता.

पहाटे हवं तर खर्ज करा, मंद्रातले म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर शांत आवाजात लावायला काही हरकत नाही, तिथे दाबावं लागत नाही. नाहीतर तालाचं, बंदिशीच्या बोलांचं काम करा. आणि खुलं गाणं दिवसा, भले वीसच मिनिटं, शाळेतून आल्यावर, घरच्यांना स्पष्ट सांगून की या वेळात मी मोठ्याने गाणार आहे. हे सांगणं तुम्हाला जड जाईल हे मला कळतंय. वीस वर्षं ज्या बाईचं गाणं घरात कोणी ऐकलेलंच नाही तिने सहा वाजता तार षड्ज लावायचा म्हणजे सगळ्यांच्याच माना वळणार. पण तुमच्या मिस्टरांनी "सोडून दे" म्हंटलंय ते तुमचं दुखणं बघून म्हंटलं असेल, त्यांना एकदा सांगा की मला वीस मिनिटं आणि एक बंद खोली मिळाली तर दुखणं कमी व्हायची शक्यता आहे. मदत काय करायची हे त्यांना कोणी सांगितलंच नसेल तर माणूस सोडून दे एवढंच म्हणतो.

आता बसण्याचं. मांडी घालून सपाट सतरंजीवर बसलं आणि गुडघे जर कमरेपेक्षा वर राहत असतील तर ओटीपोटाचं हाड मागे कलंडतं आणि पाठीला पोक येणारच, मग ते जिद्दीने ओढून सरळ करायचं म्हणजे दहा मिनिटांत दमणार. घरातली जाड चादर किंवा सोलापुरी चार-सहा पदरी घडी करून बुडाखाली घ्या, फक्त बुडाखाली, पायांखाली नाही, इतकी की गुडघे कमरेपेक्षा खाली जातील. मग एकदा दोन्ही हात बुडाखाली घालून बसा, दोन टोकदार हाडं हाताला लागतील, आपण त्यांच्यावर बसायचं असतं. हात काढून घ्या आणि त्या हाडांवर थोडं पुढे-मागे डोला, कुठेतरी मध्ये एक जागा अशी येते की पाठीला काही करावंच लागत नाही. तीच जागा. आणि ती धरून ठेवायची नाही, ती सुटली की परत डोलून शोधायची. एकच एक बरोबर बैठक असते आणि त्यात पुतळ्यासारखं बसायचं असतं हा समज काढून टाका, शरीराला बदल आवडतो, दर पंधरा-वीस मिनिटांनी मांडी बदला, उठा, पाणी प्या.

डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं, म्हणजे आट्याची पाच किलोची थैली समजा. ती थैली मानेच्या वर नेमकी कुठे टेकलीये ते बहुतेकांना माहीत नसतं, आपण समजतो मानेच्या मागे खाली कुठेतरी. दोन्ही कानांच्या खाली, जरा मागे बोटं ठेवा, तिथून आत, दोन्ही बोटांच्या मध्ये, इतक्या वर डोकं कण्यावर टेकलेलं आहे. तिथून अगदी बारीक, दिसणार नाही इतकं "हो" म्हणा. मान वाकवू नका, फक्त डोकं हलू द्या. हे दिवसातून कितीही वेळा करता येतं, आणि तानपुरा मांडीवर घेतल्यावर सुरुवातीला तर नक्की करा. वहीत बघून गाता ना? ती वही जमिनीवर असेल तर तुम्ही तासभर पाच किलो पुढे लटकवून गाताय. चौरंगावर ठेवा, दोन-तीन जाड पुस्तकांचा टेकू देऊन तिरकी. मोबाइलवर तानपुरा लावत असाल तर तो पण तिथेच वर.

आता सगळ्यात अवघड काम, जे दिसायला सगळ्यात सोपं आहे. तानपुरा जुळला, बसलात, आता वरचा सा लावायचा आहे. लावू नका. फक्त मनात म्हणा की आता लावणार, आणि बघा मानेच्या मागे काय होतं, हनुवटी वर जाते का, खांदे तयारीला लागतात का, हवा आत ओढली जाते का. ते दिसलं की त्याच्याशी भांडू नका, "आत्ता मला गायचं नाहीये" असं स्वतःला सांगा आणि श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या. बाहेर गेला की आत येणारा श्वास आपोआप येतो, तो ओढावा लागत नाही, फासळ्या बाजूंनी पसरतात, पाठीकडूनही. असं तीन-चारदा झालं की मग गा, किंवा तेव्हाही गाऊ नका. पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल हा काय वेळ घालवणं चाललंय, परीक्षा तोंडावर आहे. पण हीच ती जागा आहे जिथे सवय पकडता येते, सूर लागल्यावर नाही, सूर लावायच्या आधी. मोबाइल बाजूला उभा करून पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, समोरून नको, बाजूने, आणि कान खांद्याच्या किती पुढे जातो, वरच्या सुराला डोकं मागे पडतं का ते बघा. आरसा एकच असला तर बाजूचं दिसत नाही, अलेक्झांडरला त्यासाठी तीन आरसे लावावे लागले होते, तुमच्याकडे मोबाइल आहे.

आणि रोज संध्याकाळी कॉप्या उघडायच्या आधी पंधरा मिनिटं जमिनीवर झोपा. पलंगावर नाही, सतरंजीवर, आत्ता थंडी आहे तर खाली एक चादर जास्त. डोक्याखाली उशी न घेता एक-दोन पुस्तकं, इतकीच की कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत राहतील, डोकं मागे लोंबकळणार नाही आणि हनुवटी छातीत रुतणार नाही. गुडघे वर, तळपाय जमिनीवर, हात पोटावर. डोळे उघडे ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. काही ताणायचं नाही, काही दाबायचं नाही, जमिनीला वजन देत राहायचं. पाठ हळूहळू लांब आणि रुंद होऊन पसरते असं नुसतं मनात म्हणत राहायचं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम सुटले म्हणता, ते सुटणं मी समजू शकते, दमलेल्या माणसाला अजून एक काम नको असतं. हे काम नाहीये, म्हणून टिकण्याची शक्यता जास्त. पुढे जमलं तर त्या व्यायामांमधले दोनच निवडून परत सुरू करा, आणि चालणं तर नक्कीच ठेवा.

मी स्वतः बरीच वर्षं मोबाइल उजव्या खांद्यात धरून पोळ्या लाटल्यात, त्यामुळे तो खांदा कानाजवळच राहायला लागला होता आणि मला ते कळतही नव्हतं, एका लग्नाच्या फोटोत बघून कळलं. व्यायामाने थोडं बरं वाटायचं, पण खरा फरक पडला तो लाटणं हातात घेताना दात आवळले जातात हे लक्षात आल्यावर. दातांचा आणि पोळीचा काय संबंध! पण होतं असं. तुम्ही पण बघा, फळ्यावर लिहिताना खडू किती जोरात धरता, कॉपीत लाल पेन चालताना जीभ टाळूला चिकटलेली असते का, डबा बंद करताना श्वास रोखला जातो का. स्कूटीवर जानेवारीच्या धुक्यात सगळं ग्वाल्हेरच खांदे कानापर्यंत घेऊन चालवत असतं, थंडीत ते स्वाभाविक आहे, मफलर नीट गुंडाळा म्हणजे मानेला ते काम करावं लागणार नाही, आणि सिग्नलला थांबलात की हॅंडलवरची पकड सैल करा, तीस सेकंद का होईना. कॉप्यांची पिशवी खांद्यावरून काढून स्कूटीच्या हुकला किंवा डिक्कीत. बादली उचलताना, खाली पडलेलं उचलताना आपण जिथे हात ठेवतो त्या कमरेतून वाकतो, खरा सांधा त्याच्या खाली आहे, जांघेच्या घडीत, तिथून आणि गुडघ्यातून वाका.

बेल्टचं तर तुम्हीच उत्तर दिलंय. तो खांदे मागे खेचून धरतो, गाणाऱ्या बाईला फासळ्या पसरायला जागा हवी असते, तो तुमच्या कामाचा नाही. पैसे गेले याचं वाईट वाटून घेऊन अजून वापरत राहू नका.

हे सगळं नुसतं मनाचं समाधान आहे का असं कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहिते. ब्रिटनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ५७९ लोकांवर एक मोठी चाचणी झाली होती, २००८ मध्ये छापून आली. वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांना चार आठवड्यांत साधारण २१ दिवस दुखत होतं, अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांना ३ दिवस. आणि सहाच धडे अधिक चालण्यासारखा व्यायाम, एवढ्यानेही जवळपास तितकाच फायदा दिसला. मानदुखीवरच्या नंतरच्या एका चाचणीत ५१७ लोक होते, तिथेही फायदा दिसला पण इतका मोठा नाही. म्हणजे जादू नाही, पण पोकळही नाही. मात्र ते धडे शिकलेल्या शिक्षकाकडून, हाताने मार्गदर्शन घेऊन घेतलेले होते. आपल्याकडे असे शिक्षक मोजकेच आहेत, त्यामुळे मी वर लिहिलंय ती सुरुवात समजा, पूर्ण पद्धत नाही. कधी पुण्या-मुंबईला नाटकवाल्यांची आवाजाची कार्यशाळा मिळाली तर दोन दिवस काढून जा.

गुरुजींचं राहिलं. ते ताठ बस म्हणतात तेव्हा त्यांना तुमचा दबलेला श्वास ऐकू येत असणार, चूक त्यांना बरोबर दिसतेय, शब्द जुना आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, पण एकदा विचारा, "गुरुजी, मी मोकळी बसून बघू का, घडी घेऊन?" आणि एक पलटा, म्हणजे रियाजाची सुरांची छोटी रचना, दाबून, एक मोकळा, असे दोन्ही म्हणून दाखवा. ज्या माणसाचे कान आयुष्यभर सुरात गेलेत त्याला फरक ऐकू येईल. आपल्या शहरात ग्वाल्हेर घराण्याच्या जुन्या गवयाची, हस्सू खाँची कथा सांगतात, मोठ्या सभेत 'कडक बिजली' नावाची अवघड तान घेताना फासळी सरकली, तोंडातून रक्त आलं तरी तान पुरी केली म्हणून. ती कथा ऐकत आपण मोठे झालो, गाणं म्हणजे जीव तोडून करायची गोष्ट हे डोक्यात पक्कं बसलंय. मला त्या कथेत त्या तरुण गवयाचं वाईटच वाटत आलंय. तान मोठी होतीच, पण त्यानंतर तो फार जगला नाही असंही तीच कथा सांगते.

परीक्षेचं म्हणाल तर या वेळी नाही दिली तर पुढच्या वेळी देता येते, हे गुरुजींना आणि स्वतःला आधीच सांगून ठेवा. देऊ नका असं मी म्हणत नाही. पण दिलीच पाहिजे असं डोक्यावर घेऊन बसलात तर वरचा सा लावायच्या आधी थांबणं तुम्हाला जमणार नाही. आणि गाणं सोडायचा निर्णय तर आत्ता घेऊच नका, दुखऱ्या मानेने असले निर्णय घ्यायचे नसतात. दीड-दोन महिने आवाज न दाबता गाऊन बघा, मग मला लिहा, त्या बाजूच्या व्हिडिओत पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी काय दिसलं ते पण लिहा. आणि आज हे वाचून झालं की ती वही जमिनीवरून उचलून चौरंगावर ठेवा.